ट्रॅक्टरवरचा जनरेटर घेताना: आधी घरातली मोटर बघा

लाईट गेली की आमच्या मुरबाडकडच्या घरात पहिली हाक येते ती, "टाकीत पाणी किती आहे रे?" दिवे-पंखे इन्व्हर्टरवर रात्र काढतात. बोअरची दीड एचपीची मोटर मात्र इन्व्हर्टर उचलत नाही, आणि जुलैत एखादं झाड लाईनवर पडलं की दुरुस्तीच्या यादीत आमच्या वाडीचा नंबर शेवटचा. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या लाईन बंद पडून मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं थांबलं, तेव्हा अख्खी यंत्रणा धावली होती. आमच्या डीपीचा (वाडीच्या ट्रान्सफॉर्मरचा) डीओ, म्हणजे फ्यूज, उडाला तर महावितरणचा एकच जनमित्र (लाईनमन) येतो, आणि ओढ्याला पाणी असेल तर तोही बिचारा पलीकडेच अडकतो.

शेडमध्ये ३९ एचपीचा ट्रॅक्टर उभा. मागे एक अल्टरनेटर, म्हणजे इंजिनने फिरवून वीज तयार करणारं यंत्र, जोडला की झालं, असं आबांना वाटलं. मी वागळे इस्टेटमध्ये मोटर रिवाइंडिंगचं काम करतो, पण मला न विचारता त्यांनी एक जुना १० केव्हीएचा (केव्हीए हे सेटच्या क्षमतेचं माप) सेट ट्रॉलीत टाकून आणला. विकणारा म्हणाला होता, "दहाचा आहे, सगळं घर उचलेल." पहिल्याच संध्याकाळी बोअर चालू केला तर घरातले दिवे पिवळे पडले, मोटर नुसती गुरगुरली आणि पॅनलचा एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) पडला. सेट बिघडलेला नव्हता. तो थ्री फेज होता आणि आमचं घर सिंगल फेज. १० केव्हीए तीन फेजवर वाटलेले असतात. घर एकाच फेजवर लावलं की हाती येतात जेमतेम ३.३. दोन महिन्यांनी तो सेट घाट्यात गेला. पुढे जे लिहितोय ते त्या घाट्यातून आलेलं आहे.

मुळात लागतो का, ते बघा

घरात दोन पंखे, पाच एलईडी दिवे, वायफाय आणि टीव्ही एवढंच चालवायचं असेल तर अल्टरनेटरच्या नादी लागू नका. १२ व्होल्ट १५० एएच बॅटरीत १८०० वॉट-तास असतात. त्यातले हजार-बाराशे कामाचे धरा. २०० वॉटच्या लोडवर पाच तास आरामात निघतात. बॅटरी दुप्पट करा, फार तर गच्चीवर सोलर लावा. स्वस्त पडेल आणि आवाजही नाही.

कारण डिझेलचा हिशोब बोचरा आहे. आम्ही टाकी फुल करून, दोन तास चालवून, परत फुल करून मोजलं. साधारण ३ किलोवॉटच्या लोडवर दोन तासांत चार लिटर गेलं. वीज तयार झाली ६ युनिट. डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर एक युनिट ६० रुपयांना पडलं. इंजिन चांगलं लोडवर असलं की एका लिटरात अडीच-तीन युनिट निघतात आणि भाव तीस-पस्तिसावर येतो. म्हणजे दोन पंख्यांसाठी ट्रॅक्टर घुमवणं हा सगळ्यात महाग प्रकार. शिवाय ते तास ट्रॅक्टरच्या मीटरवर चढतात आणि ऑइल-फिल्टर तेवढे लवकर बदलावे लागतात.

ट्रॅक्टरवरचा अल्टरनेटर शोभतो तो दिवसातून दीड-दोन तास, सगळी जड कामं एकदम उरकायला: बोअर चालवून टाकी भरायची, फ्रीज गार करायचा, इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज करायची, दळण-मिक्सर करून घ्यायचं आणि बंद करायचं. बाकीचे बावीस तास बॅटरी बघते. ही जोडी डोक्यात ठेवलीत तर लहान सेटमध्ये भागतं.

आणखी एक, जे विकणारा सांगत नाही. आमच्या भागात वीज सगळ्यात जास्त जाते ती आवणीच्या (भात लावणीच्या) दिवसांत, आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर केज व्हील (चिखलातली लोखंडी चाकं) लावून चिखलात असतो. संध्याकाळी तो शेतातून आणायचा, पावसात रोटाव्हेटर सोडायचा, अल्टरनेटर जोडायचा. दोन माणसं आणि पाऊण तास धरा. घरात म्हातारी माणसंच असतील आणि ट्रॅक्टर चालवणारा भाऊ ठाण्याला नोकरीला असेल, तर बटणावर चालू होणारा छोटा वेगळा जनरेटर बरा.

पहिलं काम: सगळ्यात मोठ्या मोटरीची पाटी वाचा

लोक सगळ्या उपकरणांचे वॉट बेरजेला लावतात. बेरीज हवीच, पण सेटचा आकार ठरतो तो सगळ्यात मोठ्या मोटरीच्या सुरुवातीच्या झटक्यावर. मोटर चालू होताना नेहमीच्या साडेचार ते सहा पट करंट ओढते. तो क्षणभरच असतो, पण त्या क्षणात अल्टरनेटरचं व्होल्टेज बसलं की मोटर उठतच नाही.

आमचंच उदाहरण घ्या. बोअरची दीड एचपी सिंगल फेज सबमर्सिबल चालताना साधारण १० अँपिअर घेते आणि सुरू होताना ४५ च्या आसपास. ५ केव्हीए सिंगल फेज सेटची क्षमता २३० व्होल्टवर २१.७ अँपिअर, म्हणजे झटका दुपटीच्या वर. उठलीच तर कशीबशी. ७.५ केव्हीएची क्षमता ३२.६ अँपिअर, म्हणजे झटका दीडपटीच्या आत. चांगला अल्टरनेटर क्षणभर दुपटीपर्यंत खेचतो, थोडा दबतो आणि सावरतो. त्याच्या पलीकडे मी कुणाला सल्ला देत नाही.

मग बेरीज. बोअर १८०० वॉट, फ्रीज २००, इन्व्हर्टरचं चार्जिंग ७००, दिवे-पंखे ४००. झाले ३१०० वॉट. मिक्सर मध्येच चालला तर आणखी ७५०. ७.५ केव्हीएला ०.८ ने (पॉवर फॅक्टरने) गुणलं की ६ किलोवॉट मिळतात, म्हणजे जागा शिल्लक राहते. गिझर मी धरलेला नाही आणि धरणारही नाही. पाणी चुलीवर तापतं.

रब्बीत भेंडी-काकडीला पाणी देणारी ५ एचपीची थ्री फेज मोटरही चालवायची असेल तर गणित वेगळं. ती चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते आणि थेट स्टार्टरवर सुरू होताना ४५. १० केव्हीए थ्री फेजची क्षमता १४ अँपिअर, म्हणजे तिप्पट झटका, जमणार नाही. १५ केव्हीएची २१, म्हणजे दुपटीच्या जवळ, उठेल. अंदाजासाठी एवढं पुरे: थेट स्टार्टर असलेल्या थ्री फेज मोटरीचे एचपी गुणिले तीन, तेवढे केव्हीए. पण असा सेट घेतलात तर घराचं वायरिंग तिन्ही फेजवर वाटून घ्या, नाहीतर आबांसारखं होईल.

ट्रॅक्टर किती देऊ शकतो

बॉनेटवर लिहिलेला एचपी इंजिनचा असतो. मागच्या पीटीओपर्यंत, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टपर्यंत, येताना त्यातला काही गळतो. तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात पीटीओ एचपी वेगळा दिलेला असतो, तो घ्या. नसेल तर इंजिनच्या ८५ टक्के धरा. आमच्या ३९ चे ३३ होतात.

१ किलोवॉट विजेला २ पीटीओ एचपी, हे गणित पक्कं लक्षात ठेवा. कागदावर १ किलोवॉट म्हणजे १.३४ एचपी, पण गिअरबॉक्स, बेल्ट आणि अल्टरनेटरमध्ये जातं आणि मोटरीच्या झटक्यालाही इंजिनात दम उरायला हवा. ३३ चे निम्मे १६ किलोवॉट, म्हणजे २० केव्हीए ही आमच्या ट्रॅक्टरची कमाल. ७.५ केव्हीएला १२ पीटीओ एचपी पुरतात, ते भाताच्या बांधाबांधांतून फिरणारा २०-२४ एचपीचा मिनी ट्रॅक्टरही देतो. तेव्हा "ट्रॅक्टर मोठा आहे, मग मोठाच सेट घ्या" या बोलण्याला बळी पडू नका.

पीटीओची गती तपासा. आपल्याकडे सर्रास ५४० आरपीएम आणि सहा खाचांचा ३५ मिलिमीटरचा शाफ्ट असतो. ही ५४० गती इंजिनच्या कोणत्या आरपीएमला मिळते ते मॉडेलप्रमाणे बदलतं. बहुतेकांच्या आरपीएम मीटरवर तिथे खूण असते. काही ट्रॅक्टरला ५४० इकॉनॉमी असते, म्हणजे कमी रेसवर तीच गती. घरासारख्या हलक्या लोडला ती उत्तम, डिझेल वाचतं.

अल्टरनेटर: पाटी, पुली, वजन

५० हर्ट्झ वीज द्यायला चार पोलचा अल्टरनेटर १५०० आरपीएमने फिरावा लागतो. ५४० वरून १५०० म्हणजे २.७८ पट. हे गिअरबॉक्सने होतं किंवा पट्ट्यांनी. पट्ट्याच्या सेटमध्ये विकणाऱ्यासमोर टेप काढा. अल्टरनेटरची पुली ६ इंची असेल तर पीटीओकडची साधारण १६.७ इंची हवी. जुन्या सेटला कुणीतरी हाताला लागेल ती पुली बसवलेली असते आणि मग हर्ट्झ काही केल्या जुळत नाहीत. दोन पोलचा, ३००० आरपीएमचा अल्टरनेटर हलका आणि स्वस्त पडतो, पण त्याला साडेपाच पट गती चढवावी लागते. मी टाळतो.

गिअर की पट्टा? पट्टा झटका सोसतो आणि दुरुस्ती मुरबाडच्या बाजारात होते. मात्र पावसात सरकतो. एक तुटला तर सगळे एकदम बदलायचे, कारण जुना-नवा सारखा ताणत नाही. गिअरबॉक्सची जागा कमी लागते, पण ऑइल सील गळू लागलं की कटकट. घरासाठी मी पट्ट्याच्या बाजूचा.

पाटीवर बघायच्या गोष्टी: केव्हीए, किती फेज, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम आणि पॉवर फॅक्टर. पाटीच नसेल तर पुढच्या दुकानात जा. केव्हीए आणि अँपिअर जुळतात का ते तिथेच भागाकार करून पाहा. ७.५ केव्हीए सिंगल फेज लिहून अँपिअर २२ लिहिले असतील तर ती पाटी दुसऱ्याच सेटची आहे. वाइंडिंग तांब्याचं आहे का हे बिलावर लिहून घ्या. ॲल्युमिनियमचं वाईटच असतं असं नाही, पण भाव तांब्याचा द्यायचा नाही.

कार्बन ब्रशचा अल्टरनेटर स्वस्त असतो, पण ब्रश झिजतात आणि दमट हवेत रिंगवर काट धरतो. ब्रशलेस आणि एव्हीआर असलेला थोडे जास्त पैसे देऊन घ्या. एव्हीआर म्हणजे व्होल्टेज सांभाळणारं कार्ड. ते मात्र एक स्पेअर घरात ठेवा. गेलं तर पावसाळ्यातच जातं.

चाचणी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आम्ही दुसऱ्या वेळी १५०० वॉटचे तीन पाणी तापवायचे रॉड आणि तीन बादल्या घेऊनच गेलो. विकणारा हसला. अर्धा तास साडेचार किलोवॉट खेचले, मल्टिमीटरवर व्होल्टेज २३०-२३५ च्या मध्ये राहिलं, हर्ट्झ ५१ वरून ४९.५ वर आले, बेअरिंगवर हात ठेवता येत होता. असा सेट घ्यायचा. रॉड काढल्यावर व्होल्टेज एकदम २६० ला उडी मारून तिथेच बसत असेल तर तो सेट तिथेच सोडा.

चेंजओव्हर स्विच, ज्यात पैसे वाचवायचे नाहीत

सेट आला आणि चेंजओव्हर अजून बसला नाही, तर सेट शेडमध्ये झाकून ठेवा. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून सॉकेटमधून घरात वीज सोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्या वायरीचं नाव कारागिरांत काय आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही. मेन स्विच चालू राहिला तर तुमची २३० व्होल्ट वीज उलटी लाईनवर जाते. तिथे डीपी आहे. डीपी उतरवतो तसा उलट दिशेने चढवतोही, आणि पलीकडे ११ किंवा २२ हजार व्होल्ट तयार होतात. त्या वेळी खांबावर तुमच्याच लाईटसाठी चढलेला जनमित्र असतो. त्याच्या हिशोबाने लाईन बंद आहे.

चेंजओव्हरला तीन जागा असतात: महावितरण, बंद, जनरेटर. दोन्हीकडे एकदम जोडणं त्यात शक्यच नसतं. सिंगल फेजला दोन पोलचा घ्या आणि थ्री फेजला चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलही तुटतो. मीटरच्या नंतर, मेनच्या जवळ, परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच बसवून घ्या. ७.५ केव्हीएला ६३ अँपिअरचा स्विच ऐसपैस होतो.

अल्टरनेटरला स्वतःचं अर्थिंग हवं. रबरी टायरवर उभा असलेला ट्रॅक्टर जमिनीपासून तुटलेला असतो हे लोक विसरतात. सेटच्या बॉडीला आणि न्यूट्रलला एका पक्क्या अर्थिंगला जोडा, आणि घराच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) लावा. न्यूट्रल अर्थिंगला जोडलेलाच नसेल तर वायर उघडी पडून बॉडीला लागली तरी आरसीसीबी शांत बसेल. आमच्याकडे मुरमाखाली कातळ आहे, अर्थिंग पावसात ठीक असतं आणि मे महिन्यात कोरडं पडतं. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा.

केबल उघड्यावर असणार, म्हणून रबरी आवरणाची, तांब्याची. ३३ अँपिअर आणि २० मीटरला ६ चौरस मिलिमीटर चालते, मी १० ची टाकली. ट्रॅक्टर शेडच्या बाहेर, खिडकीपासून लांब उभा करा. पाऊस लागतो म्हणून पडवीत घेऊ नका, धुराने माणसं झोपेत जातात. अल्टरनेटरवर चार खांबांचं पत्र्याचं छप्पर करा, ट्रॅक्टर भिजला तर भिजू द्या.

शाफ्ट

५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. पदर, ओढणी, टॉवेल किंवा रेनकोटची दोरी गुंडाळली गेली की हात मागे घ्यायला वेळ नसतो. शाफ्टवर प्लॅस्टिकचं आवरण आणि ते फिरू नये म्हणून साखळी असायलाच हवी. आपल्याकडे पहिल्या आठवड्यात आवरण फाटतं आणि कुणी नवीन आणत नाही. आणा. चालू शाफ्टवरून ओलांडायचं नाही, पलीकडचं पॅनल बघायलाही नाही. आमच्याकडे पॅनल शाफ्टपासून दूर, बाजूला वळवून घेतलं आहे.

शाफ्ट शक्यतो सरळ रेषेत ठेवा. दोन नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबी तरी गेलेल्या हव्यात. सेट हायड्रोलिकवर असेल तर जोडल्यावर वर-खाली करून बघा, वर उचलताना शाफ्ट बाहेर निघत नाही ना, खाली घेताना आत ठोकत नाही ना. आम्ही सेट जमिनीवरच्या लोखंडी फ्रेमवर ठेवतो आणि ट्रॅक्टरच्या चाकांना पुढे-मागे दगड लावतो.

चालू आणि बंद करण्याचा क्रम

आबांच्या अक्षरात हा कागद स्विचबोर्डाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे:

१. चेंजओव्हर "बंद" वर. सेटचा एमसीबी खाली. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला.
२. इंजिन सुरू, दोन मिनिटं गरम होऊ दे. मंद रेसवरच पीटीओ लाव, क्लच हळू सोड.
३. हात रेस वाढव, मीटरवर ५१ ते ५१.५ हर्ट्झ. व्होल्टेज २३० ते २४० मध्ये आहे का बघ.
४. एमसीबी वर. मग चेंजओव्हर "जनरेटर" वर.
५. आधी बोअर. ती स्थिर झाली की फ्रीज, मग इन्व्हर्टर, मग बाकी.
६. लोडवर ४९.५ च्या खाली गेलं तर थोडी रेस दे.
७. बंद करताना उलट: लोड काढ, चेंजओव्हर "बंद", पाच मिनिटं मोकळा चालव, रेस कमी कर, पीटीओ काढ, मग इंजिन.

तिसऱ्या पायरीत हर्ट्झ ५० ऐवजी थोडे वर ठेवण्याचं कारण असं की लोड आला की इंजिन जरा बसतं आणि गती उतरते. पाचव्या पायरीत बोअर आधी, कारण सगळं चालू असताना तिचा झटका बसला तर फ्रीजच्या कॉम्प्रेसरला त्रास. आणि डिझेल संपून ट्रॅक्टर आपोआप बंद पडू देऊ नका. शेवटच्या मिनिटांत गती खाली येत जाते, कमी हर्ट्झवर मोटर तापते. टाकीत पाव डिझेल राहिलं की थांबायचं.

इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेत नसेल तर सेट खराब समजू नका. इन्व्हर्टरच्या मागे "यूपीएस" आणि "नॉर्मल" असं बटण असतं, ते नॉर्मलवर करा. यूपीएसवर तो हर्ट्झच्या बाबतीत फार चिकित्सक असतो.

थ्री फेज सेट घेणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. पहिल्यांदा जोडल्यावर मोटर उलटी फिरू शकते. सबमर्सिबल खाली बोअरात असते, दिसत नाही, फक्त पाणी कमी येतं आणि लोक वॉशर बदलत बसतात. चेंजओव्हरवर जनरेटरच्या बाजूच्या दोन फेजच्या वायरी अदलाबदल करा. महावितरणच्या बाजूला हात लावू नका.

मे महिन्याच्या शेवटी, पहिला पाऊस यायच्या आधी, अर्धा तास लोडवर चालवून ठेवा. शाफ्टच्या दोन्ही क्रॉसना (टोकांच्या सांध्यांना) ग्रीस, पट्ट्यांचा ताण, कनेक्शनचे स्क्रू आवळणं. अल्टरनेटरच्या जाळीत टॉर्च मारून आत बघा. मागच्या वर्षी आमच्या सेटमध्ये उंदराने भाताचा पेंढा भरून घर केलं होतं, आणि पिल्लं होती. आईने ती सुपात काढून खळ्याच्या कडेला ठेवली, तोवर आबा किल्ली हातात घेऊन थांबले.